मदत हवी आहे : डबल-ए मधील एकवीस वर्षांच्या पिचरसाठी हातचा फलंदाज द्यावा का?

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी रात्री बारा वाजेपर्यंत मला एका ट्रेडला (खेळाडूंच्या अदलाबदलीला) होकार किंवा नकार कळवायचा आहे. गेले चार दिवस विचार करूनही मनाचा निश्चय होत नाही, म्हणून येथे बेसबॉल नेमाने पाहणाऱ्यांचा सल्ला मागतो आहे.

आमची बारा जणांची फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर चालणारा काल्पनिक संघांचा खेळ) गेली नऊ वर्षे चालू आहे. ती डायनेस्टी पद्धतीची आहे, म्हणजे एकदा घेतलेला खेळाडू आपण सोडेपर्यंत किंवा त्याची अदलाबदल करेपर्यंत वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतो, आणि त्याशिवाय मायनर लीगमधील (मेजर लीगच्या खालच्या स्तरांवरील) पाच खेळाडू प्रत्येकाला राखून ठेवता येतात. सध्या मी तिसऱ्या स्थानावर आहे. पहिल्या स्थानावरील सदस्याला यंदाच जिंकायचे आहे, त्यामुळे त्याने माझा तिसऱ्या बेसवरचा तीस वर्षांचा फलंदाज मागितला असून बदल्यात डबल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, खेळणारा एकवीस वर्षांचा उजव्या हाताचा पिचर (चेंडू फेकणारा) देऊ केला आहे. आमच्या लीगमधील आणखी एक मराठी सदस्य येथे नियमित वाचतो, म्हणून दोन्ही खेळाडूंची नावे लिहीत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

माझ्या फलंदाजाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. त्याने गेले चार हंगाम वीसपेक्षा अधिक होम रन मारले आहेत आणि तो दीर्घकाळ जायबंदी झालेला नाही. त्याची भरभराटीची वर्षे फार तर दोन-तीन उरली असावीत, एवढेच.

पिचर मात्र मी स्वतः पाहिला आहे. दोन आठवड्यांपूर्वी त्याचा संघ डबल-ए स्तरावरील ईस्टर्न लीगच्या सामन्यासाठी अल्टूनाला आला होता. आम्ही पिट्सबर्गला राहतो, तेथून अल्टूना गाडीने पावणेदोन तासांवर आहे, म्हणून तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन मी मुद्दाम गेलो. होम प्लेटच्या मागे सातव्या रांगेत जागा मिळाली. समोर उजव्या मैदानाच्या भिंतीपलीकडे लेकमाँट पार्कचा रोलर कोस्टर दिसत होता, परंतु लेकीचे तिकडे लक्षच नव्हते. तिने वहीच्या प्रत्येक पानावर छोट्या चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक चेंडूचा प्रकार, वेग आणि पडण्याची जागा ती टिपून घेत होती.

पहिल्या तीन इनिंगमध्ये त्याचा फास्टबॉल ताशी ९६ ते ९७ मैलांनी, म्हणजे सुमारे १५५ किलोमीटर वेगाने येत होता. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज आमच्यापर्यंत असा येत होता की आजूबाजूची माणसे बोलता बोलता थांबत होती. पहिल्या दहा फलंदाजांपैकी सहा जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाले. स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) उत्तम आहे, त्याविषयी शंका नाही. चौथ्या इनिंगमध्ये मात्र लेकीने मला कोपराने ढोसले आणि म्हणाली, “बाबा, आता हळू येणार.” खरोखर चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा हळू चेंडू) आला. पुढच्या तीन वेळांपैकी दोन वेळा तिचा अंदाज पुन्हा बरोबर ठरला. मी विचारले तेव्हा तिने दाखवले की चेंजअपसाठी चेंडू बोटांत बसवताना त्याचा डाव्या हातातील ग्लोव्ह किंचित अधिक उघडतो. सातव्या रांगेतील मुलीला जे दिसते, ते मेजर लीगमधील फलंदाजांना दिसणार नाही असे मानण्यात अर्थ नाही. पाचव्या इनिंगमध्ये फास्टबॉल ९३ वर आला, दोघांना वॉक (झोनबाहेरच्या चार चेंडूंमुळे मोफत पहिला बेस) मिळाला आणि ७८ चेंडूंनंतर त्याला बाहेर काढण्यात आले.

मी गोंधळलो आहे, कारण ईस्टर्न लीगचाच इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंना सारखीच उदाहरणे सापडतात. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सने ग्लेन्स फॉल्स येथे खेळणारा वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटा ब्रेव्ह्जला दिला आणि छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला. त्या वेळी स्मोल्ट्झचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, कमी तितका चांगला) पाचच्या वर होता. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, त्याचा ईआरए १.५३ राहिला आणि टायगर्सने विभाग जिंकला. पुढे प्लेऑफमध्ये ते मिनेसोटाकडून हरले. स्मोल्ट्झने मात्र १९९६ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार, २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी उतरून राखलेले विजय) मिळवले आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश केला. २००४ च्या जुलैअखेरीस न्यूयॉर्क मेट्सने बिंगहॅम्टनच्या संघातला वीस वर्षांचा स्कॉट कॅझमीर टॅम्पा बेला देऊन पिचर व्हिक्टर झाम्ब्रानो घेतला. झाम्ब्रानोचे कोपर काही सामन्यांतच दुखावले आणि कॅझमीरने २००७ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, २३९ स्ट्राइकआउट घेतले.

आता याच लीगमधून गेलेला तिसरा मुलगा पाहा. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या निवडीत) यँकीजने पहिल्या क्रमांकावर निवडलेला ब्रायन टेलर १९९३ मध्ये ऑल्बनी येथे डबल-ए पर्यंत आला होता आणि त्याला मिळालेली १५.५ लाख डॉलर ही रक्कम तेव्हाचा विक्रम होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एका भांडणात त्याच्या खांद्याला दुखापत झाली आणि तो मेजर लीगमध्ये कधीच पोचला नाही. हे तिघेही वीस-एकवीस वर्षांचे असताना या लीगमध्ये होते. त्यांना माऊंडवर पाहून कोणता कोण हे ओळखता आले असते का, हा प्रश्न मला सतावतो.

पिट्सबर्गच्या चाहत्यांना तर या विषयाचा चटकाच बसलेला आहे. ३१ जुलै २०१८ रोजी पायरेट्सने पिचर क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि नंतर शेन बाझ असे तिघे टॅम्पा बेला दिले. ग्लासनाऊचा ईआरए २०१७ मध्ये ७.६९ होता, त्यामुळे तो गेल्याचे दुःख आमच्या ऑफिसात कोणालाही झाले नव्हते. तिकडे गेल्यावर तो बहरला आणि आर्चरचा येथील २०१९ चा ईआरए ५.१९ राहिला. दुसरीकडे, २०२३ च्या ऑगस्टमध्ये अल्टूनाच्याच संघाकडून खेळलेला पॉल स्कीन्स पुढच्या मे महिन्यात मेजर लीगमध्ये आला, १.९६ चा ईआरए राखून नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि तेव्हापासून प्रत्येक वेगवान तरुण पिचरमध्ये मला तोच दिसू लागतो. हा माझा पूर्वग्रह आहे, हे मी जाणतो, आणि म्हणूनच तटस्थ नजरेची गरज आहे.

शिवाय एकदा माझे तोंड पोळले आहे. तीन वर्षांपूर्वी मी एक चांगला आउटफिल्डर देऊन असाच एक तरुण पिचर घेतला होता. चार महिन्यांत त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या अस्थिबंधाची) झाली, परतायला पंधरा महिने लागले आणि परतल्यावर त्याचा ताबा पूर्वीसारखा राहिला नाही. फँटसी लीग असली तरी त्या मुलाची बातमी वाचताना मला मनापासून वाईट वाटले होते.

तर माझे विचारणे असे आहे. पाचव्या इनिंगमध्ये वेग तीन-चार मैलांनी घटणे हे या वयात कितपत गंभीर समजावे? ग्लोव्हची सवय मोडण्याजोगी असते का, की तिसरा चेंडू (चेंजअप) विश्वासाचा नसल्यामुळे तो शेवटी रिलीव्हर (नंतर थोड्या इनिंगसाठी उतरणारा पिचर) होईल? आणि अशा एका पिचरसाठी खात्रीचा फलंदाज देणे मुळात शहाणपणाचे आहे का? ज्यांनी असे ट्रेड केले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

प्रतिसाद १

मी न्यू जर्सीत राहतो आणि कॅझमीर गेला तेव्हापासून मेट्सचा चाहता म्हणून हा विषय मनाला लावून घेतलेला आहे. आपण दिलेल्या उदाहरणांत एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे असे वाटते. टॅम्पा बेने आर्चरच्या बदल्यात एकटा ग्लासनाऊ घेतला नव्हता. पुढे ग्लासनाऊची २०२१ मध्ये आणि बाझची २०२२ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, तरीही तो ट्रेड टॅम्पा बेच्या फायद्याचाच मानला जातो, कारण त्यांनी तिघांवर भार विभागला होता. २०१६ च्या डिसेंबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने आउटफिल्डर ॲडम ईटन वॉशिंग्टनला दिला, तेव्हाही त्यांनी लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग असे तीन तरुण पिचर एकदम मागून घेतले. जिओलिटोचा २०१८ चा ईआरए ६.१३ होता, म्हणजे पुरेशा इनिंग टाकणाऱ्या सर्व पिचरमध्ये सर्वांत वाईट. हात मागे नेण्याची लकब आखूड केल्यावर पुढच्याच वर्षी तो ३.४१ वर आला आणि २५ ऑगस्ट २०२० रोजी त्याने आपल्या पायरेट्सविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला. वॉशिंग्टननेही २०१९ ची वर्ल्ड सिरीज ईटनसह जिंकली, त्यामुळे त्या ट्रेडचा पश्चात्ताप कोणालाच झाला नसावा.

याचा अर्थ असा की तरुण पिचर घेणे चूक नाही, एकटा घेणे चूक आहे. आपला तिसऱ्या बेसवरचा खेळाडू रोज मैदानात उतरतो. हा मुलगा उद्या वर आला तरी त्याचा संघ पहिल्या वर्षी त्याच्या इनिंगवर मर्यादा घालणार, हे गृहीत धरावे. समोरच्याला यंदाच जिंकायचे आहे, म्हणजे घाई त्याला आहे. रविवारपर्यंतची मुदत ही त्याचीही मुदत आहे. आपण आणखी एक तरुण खेळाडू मागावा, आणि तो पिचर नसून फलंदाज असावा.

प्रतिसाद २

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे प्रामुख्याने क्रिकेटचे वेगवान गोलंदाज येतात, आणि बेसबॉल मी आवडीने पाहते. केवळ वेग घटला म्हणून घाबरू नये. या वयात दमणे स्वाभाविक आहे आणि ७८ चेंडूंनंतर काढणे ही ठरलेली मर्यादाही असू शकते. मी दमलेल्या हाताची खूण चेंडू कोठे पडतो यावरून पाहते. हात वेळेवर वर येत नसेल, तर उजव्या हाताच्या पिचरचे चेंडू उंच आणि त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला सुटू लागतात. खांदा आणि धड थकल्यावर कोपरावर अधिक ताण येतो, आणि माझ्या दृष्टीने चिंता तेथे सुरू होते. आपल्या मुलीच्या वहीत चौकटी आहेत, तर पाचव्या इनिंगचे पान पाहावे. ग्लोव्हच्या सवयीबद्दल मात्र निश्चिंत राहावे. मोठा ग्लोव्ह देऊन किंवा फास्टबॉलच्या वेळीही तो तेवढाच उघडायला शिकवून ही खोड मोडता येते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रात्री लेकीबरोबर वही काढून बसलो. पाचव्या इनिंगमधील बावीस चेंडूंपैकी बारा स्ट्राइक झोनच्या बाहेर होते आणि त्यांतील नऊ उंच व पिचरच्या उजवीकडे गेलेले आहेत. पहिल्या तीन इनिंगमध्ये असे चेंडू मिळून चारच आहेत. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, पण तीन वर्षांपूर्वी पोळल्यावर ताक फुंकून पिणेच बरे.

आज दुपारी समोरच्या सदस्याला कळवले आहे की पिचरसोबत त्याच्याकडील एकोणीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये उभा राहणारा खेळाडू) मिळाला तरच माझा फलंदाज जाईल. त्याने शनिवारी सकाळपर्यंत वेळ मागितला आहे. योगायोगाने आदल्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, हा पिचर हॅरिसबर्गला पिच करणार आहे. पिट्सबर्गहून जाण्यास साडेतीन तास लागतील, परंतु लेकीने नवी वही आखायला घेतली आहे. तेथे पाचव्या इनिंगमध्ये काय दिसते ते शुक्रवारी रात्रीच येथे लिहीन. त्याआधी हॅरिसबर्ग किंवा त्या परिसरातील कोणी त्याला पाहिले असेल, तर चौथ्या-पाचव्या इनिंगमधील त्याचे चेंडू कोठे पडत होते तेवढे अवश्य कळवावे.