हेम्पचा माल दुसऱ्या राज्यात पाठवताना नियम कोणाचा पाळायचा?

प्रश्न – दुकानदार_मिनेसोटा

आमचे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात छोटे दुकान असून हेम्पपासून (गांजाच्याच जातीची, पण नशेचे द्रव्य अगदी कमी असलेली वनस्पती) बनवलेले सीबीडी तेल (सीबीडी म्हणजे तिच्यातले नशा न आणणारे द्रव्य) आणि टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) असलेल्या गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, आम्ही रीतसर परवान्यावर विकतो. आता संकेतस्थळावरून इतर राज्यांतल्या ऑर्डरी घ्याव्यात, असा विचार आहे. २०१८ च्या फार्म बिलानुसार (शेतीविषयक केंद्रीय कायदा) कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचा मुख्य प्रकार) असलेले हेम्प देशभर कायदेशीर आहे, असे आमचा पुरवठादार सांगतो आणि त्या कायद्याची छापील प्रत प्रत्येक खोक्यात घालतो. एवढ्या आधारावर माल पाठवावा का?

उत्तर – शिक्कामोर्तब

त्या प्रतीने खोक्याचे वजन तेवढे वाढते. आपल्या हद्दीतून हेम्प पुढे जाऊ देणे त्या कायद्याने राज्यांना बंधनकारक केले. आपल्या हद्दीत ते विकू द्यायचे की नाही, हा निर्णय मात्र राज्यांकडेच राहिला. (वाहतुकीचेही सुरुवातीला वांधेच होते: जानेवारी २०१९ मध्ये ऑरेगॉनहून कोलोरॅडोकडे निघालेला हेम्पचा ट्रक आयडाहोत जप्त झाला आणि चालकाला अटक झाली.) मिनेसोटाने २०२२ मध्ये एका सर्व्हिंगला ५ आणि पाकिटाला ५० मिलिग्रॅम अशी मर्यादा घालून २१ वर्षांवरील ग्राहकांना गमी विकण्याची मुभा दिली, कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ पासून हेम्पच्या खाद्यपदार्थांत तपासणीत सापडेल इतकेही टीएचसी चालणार नाही असे ठरवले. म्हणजे आपल्या दुकानात राजरोस विकले जाणारे पाकीट तिथे पोहोचताच बेकायदा ठरते. त्यामुळे पार्सल ज्या पत्त्यावर उतरते, त्या राज्याचा नियम आधी पाहावा.

उत्तर – तराजू

या गोंधळाचे मूळ टक्केवारीत आहे. ०.३ टक्के ही मर्यादा शेतातल्या पिकासाठी ठीक होती, पण ४ ग्रॅमच्या गमीला ती लावली की १२ मिलिग्रॅम टीएचसी बसते, आणि ३५५ ग्रॅम पेयाच्या कॅनला लावली तर १ ग्रॅमहून अधिक! १२ नोव्हेंबर २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या केंद्रीय कायद्याने ही फट बुजवली. त्यात एकूण टीएचसी मोजले जाते, तयार उत्पादनाच्या एका डब्याला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि अंमलबजावणीला वर्षभराची मुदत दिली आहे. आपले ५० मिलिग्रॅमचे पाकीट त्या मर्यादेच्या १२५ पट भरते. फुल-स्पेक्ट्रम सीबीडी तेलाच्या (ज्यात वनस्पतीतले थोडे टीएचसीही राहते) बाटल्याही बहुधा यात अडकतील. ते तेल नशेसाठी कोणी घेत नाही, हे लक्षात घेता मला हे जरा अतीच वाटते.

उत्तर – बॅच_क्रमांक

प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राकडेही नीट पाहावे. मला एकदा आलेल्या बाटल्यांवरचा बॅच क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक वेगळे होते. विचारणा केल्यावर पुरवठादाराने जुनेच प्रमाणपत्र नव्या तारखेने पाठवले. शिवाय फक्त डेल्टा-९ चा आकडा पुरेसा नसतो. टीएचसीए (तापवल्यावर टीएचसी बनणारे द्रव्य) याचा आकडा ०.८७७ ने गुणून त्यात मिळवला की एकूण टीएचसी कळते. ‘आढळले नाही’ असा शेरा असल्यास प्रयोगशाळेची शोधमर्यादा (तिला सापडू शकणारे किमान प्रमाण) किती होती, हेही विचारावे.

दुकानदार_मिनेसोटा

मनःपूर्वक आभार. सध्या गमी राज्याबाहेर पाठवणार नाही. तेलाच्या कपाटातल्या बाटल्या काल तपासल्या. तिसऱ्या खोक्यातल्या प्रमाणपत्रात टीएचसीएचा रकानाच नाही, म्हणून ते खोके परत पाठवत आहे.