पदवी पूर्ण करावी की कसब हाती घ्यावे? कोणता कागद कुठे मागितला गेला

धाग्याविषयी

माझा भाचा साताऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचे काही विषय राहिलेले आहेत, आणि कॉलेज सोडून आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा प्रवेश घेणार असल्याचे त्याने ऐन गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना जाहीर केले. तेव्हापासून घरात दोनच वाक्ये आलटूनपालटून ऐकू येतात: ‘ग्रॅज्युएशन तरी पूर्ण कर’ आणि ‘पदवी घेऊन हिंडणारे ढिगाने आहेत’. ही वाक्ये म्हणणाऱ्यांपैकी कोणीही आयटीआयची पायरी चढलेले नाही, आणि मीही त्यांच्यातलाच आहे.

म्हणून ज्यांनी हा निर्णय स्वतःच्या बाबतीत घेतला किंवा रोज घेताना पाहिला, त्यांनी येथे लिहावे ही विनंती. सल्ला घरात भरपूर मिळतो आहे. आपल्याला कोणत्या ठिकाणी कोणता कागद मागितला गेला, कुठे तो कोणी पाहिलाही नाही, आणि काम शिकताना नेमके काय शिकावे लागले, एवढे सविस्तर लिहिलेत तर उपयोग होईल.

विद्युत ठेकेदार, नाशिक

मी बी.एस्सी.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे कॉलेजात मी काय दिवे लावले होते हे कोणी विचारले नाही, आणि वयाची वरची मर्यादा नसल्यामुळे तिचीही अडचण आली नाही. अडचण होती ती वेगळीच. वर्गातली बहुतेक मुले नुकतीच दहावी झालेली होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून ‘काका’ म्हणत असत.

सुरुवातीला फायलिंग, तारा सोलणे आणि जोडणे यांतच दिवस जातात. ब्रिटानिया जॉइंट, मॅरीड जॉइंट, स्टेअरकेस वायरिंग हे सारे हाताने इतक्या वेळा करवून घेतात की पुस्तक वाचलेल्या मुलाला तो वेळेचा अपव्यय वाटतो. पुढे सातपूरच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार असताना मोटार सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरचे पॅनेल उघडून बसलो, तेव्हा तो वेळ कुठे गेला होता ते समजले. आकृती मला बी.एस्सी.मुळे लवकर कळत असे. मात्र कोणते टर्मिनल ढिले असेल हे आयटीआयमधून सरळ आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा माझ्या आधी सांगत असे.

कागदाविषयी सांगायचे तर, ग्राहकाने तो कधीही मागितला नाही. एका सोसायटीत फक्त पावसाळ्यात सामाईक दिव्यांचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असे आणि आधीच्या दोघांनी तो बदलूनही पाहिला होता. मी एकेक सर्किट सुटे करून मेगर या मापकाने तारांचे इन्सुलेशन तपासत गेलो, तेव्हा फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबातील जंक्शन बॉक्समध्ये पाणी साचलेले सापडले. तार बॉक्समध्ये शिरते तेथे बसवायची पन्नास रुपयांची ग्लँड आणि थोडे सीलंट एवढाच खर्च होता. त्या सोसायटीने पुढे ओळखीच्या चार सोसायट्यांची कामे दिली, ती त्या बॉक्समुळे.

शासनाने मात्र कागद मागितला. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तारतंत्री परवाना निघाला, पण स्वतःच्या नावावर ठेकेदाराचा परवाना घ्यायचा तर पर्यवेक्षक परवाना असलेला माणूस दाखवावा लागतो. काही वर्षे मी तो दुसऱ्याचा दाखवला, म्हणजे त्याला पगार दिला. अखेर तो परवाना स्वतःलाच मिळावा म्हणून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन विद्युत अभियांत्रिकीची पदविका पूर्ण केली. बी.एस्सी.चे राहिलेले शिक्षण पूर्ण करावे असे मला एकदाही वाटले नाही, कारण ते कोणत्याही परवान्याच्या अर्जात उपयोगी पडणार नव्हते.

सीएनसी प्रोग्रामर, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. पूर्ण केली आणि त्यानंतर मशिनिस्ट ट्रेड केला. घरच्यांना हे शिडी उतरण्यासारखे वाटले. ‘पदवीधर मुलगी हाताला ऑइल लावून घेणार’ हे आजीचे वाक्य आमच्याकडे अजून हसत हसत सांगितले जाते, तेव्हा मात्र कोणी हसले नव्हते.

पदवीचा उपयोग झाला का, याचे उत्तर मी एका उदाहरणाने देते. साइन ३० अंश म्हणजे अर्धा, हे मला अकरावीपासून पाठ होते. आयटीआयमध्ये १०० मिलिमीटरचा साइन बार (दोन टोकांना रोलर असलेली, कोन लावण्याची पट्टी) सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पृष्ठावर, ठेवून सरांनी ३० अंशांचा कोन लावायला सांगितला, तेव्हा एका रोलरखाली ५० मिलिमीटर उंचीच्या स्लिप गेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) ठेवायच्या हे मी लगेच सांगितले आणि मुले माझ्याकडे पाहू लागली. मग सरांनी त्या गेज लावायला सांगितल्या. त्या कोरड्या कापडाने पुसून, एकमेकींवर तिरप्या ठेवून, दाबत सरकवत चिकटवाव्या लागतात. नीट चिकटल्या की उचलल्यावरही सुटत नाहीत. माझ्या प्रत्येक वेळी सुटत होत्या, कारण बोटांचा घाम आणि कापडाची लव मध्ये राहत होती. उत्तर पन्नासच होते, पण मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या कामात धुळीचा कणही त्या उत्तरात मिळवला जातो.

पुढे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) ऑपरेटर, मग यंत्र कामासाठी लावून देणारी सेटर, मग प्रोग्रामर अशी मी गेले. ऑपरेटर ते सेटर या टप्प्यात पदवीचा काडीचा उपयोग झाला नाही. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार गेली आहे हे आवाजावरून ओळखणे, पहिला पीस मायक्रोमीटरने मोजून ऑफसेट (मापातील दुरुस्ती) किती द्यायचा हे ठरवणे, आणि रात्रपाळीला रिजेक्शन आले तर ते लपवता न येणे, ही वेगळी शाळा आहे. सेटर ते प्रोग्रामर या टप्प्यात मात्र त्रिकोणमिती आणि इंग्रजी मॅन्युअल वाचण्याची सवय कामाला आली.

आमच्याकडे दहावी आणि आयटीआय करून वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच कामाला लागलेला एक सहकारी आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी मालकांसमोरही सांगते. परंतु गुणवत्ता विभागातील जागा निघाली तेव्हा अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘पदवी किंवा पदविका’ असे लिहिले होते आणि त्याचा अर्ज वाचलाच गेला नाही. मला ती जागा मिळाली, मी ती घेतली, आणि तो आजही मला पीस दाखवायला येतो तेव्हा त्याने काढलेले माप मी पुन्हा मोजत नाही. ही व्यवस्था न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही.

एसी मेकॅनिक, पनवेल

मला शिक्षणाचा कागद एकाच ठिकाणी विचारला गेला, तो लग्नाच्या बायोडाट्यात. ‘शिक्षण’ या शब्दापुढे आयटीआय वाचले की पलीकडून ‘आणि पुढे?’ असे विचारले जाई, मग उत्पन्नाचा आकडा कितीही असो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मी बी.ए. केले त्यामागे हे कारण मोठे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. इतिहास वाचायला आवडला, हा वरचा फायदा.

निवृत्त शिल्प निदेशक (आयटीआयतील प्रशिक्षक), अमरावती विभाग

वरच्या अनुभवांत काही तपशील जोडतो, कारण माझी सारी नोकरी या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांना पाहण्यात गेली.

पालक आयटीआयला शिक्षणाचा शेवट समजतात आणि येथेच गल्लत होते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात. राज्य मंडळाचे भाषा विषय देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. म्हणजे रस्ता लांबचा असला तरी बंद नाही. तो चालून गेलेली मुले मी पाहिली आहेत, आणि रस्ता आहे हेच ठाऊक नसल्यामुळे आयुष्यभर हेल्पर राहिलेलीही पाहिली आहेत.

दुसरे म्हणजे ट्रेड निवडताना मुले मित्राच्या मागे जातात. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, आणि वर सांगितलेली बहुतेक दारे दोन वर्षांच्या ट्रेडला अधिक सहज उघडतात. लवकर कमाई हवी म्हणून एक वर्षाचा ट्रेड घेणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावे.

तिसरे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील प्रशिक्षण कंपनीत होते आणि तेथे विद्यावेतन मिळते. ते वर्ष अनेकजण ‘कमी पैशात राबवून घेतात’ म्हणून टाळतात. काही ठिकाणी तसे होतेही, शिकाऊ मुलांना झाडलोट आणि माल उचलण्यापलीकडे काही दिले जात नाही. अशा ठिकाणी निदेशकाला किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कार्यालयाला कळवावे. वर्ष सोडून देऊ नये.

पाइप वेल्डर, चिपळूण (आधी आखातात)

एफ.वाय.बी.ए. करून मी वेल्डिंगकडे वळलो. आखातातील कामाची निवड मुंबईत झाली ती ट्रेड टेस्टवर. पाइप ४५ अंशांत तिरपा बांधून देतात, त्याला सिक्स-जी म्हणतात. तो फिरवता येत नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचे. आत आर्गॉन वायू वापरून रूट, म्हणजे सांध्याचा तळचा थर, वर ७०१८ चा वेल्डिंग रॉड, तोही ओव्हनमध्ये तापवून कोरडा ठेवलेला, कारण दमट रॉडने सांध्यात हायड्रोजन शिरतो आणि पुढे तडा जातो. मग सांध्याचा एक्स-रे काढतात. एक्स-रे पास झाला की शिक्षण कोणी विचारत नाही. फक्त दहावीच्या प्रमाणपत्राचा एक उपयोग होता: दहावी उत्तीर्ण असल्यामुळे पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शेरा नव्हता आणि परदेशी जाताना उत्प्रवासन विभागाची परवानगी काढण्याची खटपट वाचली. माझ्याबरोबरच्या न शिकलेल्या कारागिरांना, हात माझ्याइतकाच असूनही, ती करावी लागली.

पैसे चांगले मिळाले. घर बांधले, बहिणीचे लग्न केले. पण चाळिशीनंतर पाठ आणि डोळे दोन्ही कुरकुरू लागले आणि वेल्डिंग निरीक्षकाचे काम मिळावे असे वाटू लागले. ते माझेच काम तपासण्याचे काम आहे, त्यातील दोष मी फिल्म न पाहताही सांगू शकतो, तरी जाहिरातीत पदविका किंवा पदवी मागतात. भाच्याला एवढेच कळवा की हाताचे काम शरीर देते तोवरच असते, आणि त्यानंतर बसून करायच्या कामाला कोणता कागद लागतो, ते विशीतच विचारून ठेवावे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याने हे सगळे वाचले. आयटीआय आणि बी.कॉम. एकाच वेळी जमेल का, आणि नाही जमले तर झालेली दोन वर्षे वाया जातील का, असे दोन प्रश्न तो विचारतो आहे.

निवृत्त शिल्प निदेशक

आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते आणि दिवसभर कार्यशाळा असते, त्यामुळे नियमित कॉलेजबरोबर ते जमत नाही. मुक्त विद्यापीठाबरोबर जमू शकते.

दुसऱ्या प्रश्नाविषयी: शाळा सोडल्याचा दाखला बहुधा कॉलेजात जमा असेल आणि आयटीआयच्या प्रवेशाला तो मूळ लागेल. तो काढला की कॉलेजातून नाव कमी होते, म्हणून घाईने काढू नये. राहिलेले विषय आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा आधी देऊन टाकावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. त्यासाठी काही जादा श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करावे लागतात, ते कोणते हे कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारावे. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जास्तीत जास्त सात वर्षे राहतात. तेवढ्या काळात आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी दोन्ही होऊन वर काही वर्षे उरतात.