हातात कोयता कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार कायद्याला असावा का?

नदीकाठचा पुणेकर

वाढदिवसाचा केक तलवारीने किंवा कोयत्याने कापायचा आणि त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकायची, अशी चाल गेल्या काही वर्षांत पडली आहे. चित्रफीत पसरली की पोलीस पोरांना उचलतात, बातमीत 'आर्म अ‍ॅक्ट 4(25)' आणि 'महाराष्ट्र पोलीस कायदा 37(1)(3) सह 135' असा आकड्यांचा मंत्र छापून येतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या पेठेत दुसरा केक येतो. कारवाई होऊनही चाल थांबत नसेल, तर तपासावा लागेल तो कायदाच.

बंदुकीच्या बाबतीत आपला कायदा कडक आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय ती घरातसुद्धा ठेवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. पात्याच्या हत्याराची मात्र गंमत आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते नियमांत येते. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू 'शस्त्र' या व्याख्येतूनच वगळली आहे. कोयता हे शेतीचे अवजार. म्हणजे आमच्या शहरात जे हत्यार सर्वाधिक फिरवले जाते, ते कायद्याच्या अक्षराने पाहिले तर हत्यारच नव्हे. मग उरतो पोलीस कायद्यातील कलम 37 चा मनाई आदेश, जो पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही आणि म्हणून वर्षभर पुन्हा पुन्हा काढावा लागतो. कायमच्या दुखण्याला आपण पंधरवड्याचे ठिगळ लावत आलो आहोत.

माझे म्हणणे असे की, महानगरपालिकेच्या हद्दीत सार्वजनिक ठिकाणी पात्याची वस्तू जवळ बाळगणाऱ्याने तिचे कारण सांगितले पाहिजे आणि ते सांगता आले नाही तर तोच गुन्हा मानला जावा. पाते किती इंच होते आणि मनात काय होते, या वादात न्यायालयाला शिरावे लागू नये.

जुना वकील

दोन दुरुस्त्या करतो, कारण चुकीच्या पायावर मागणी उभी राहू नये. पंधरा दिवसांची मर्यादा कलम 37 च्या तिसऱ्या पोटकलमाला, म्हणजे जमाव आणि मिरवणुकीच्या मनाईला आहे. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय ती मनाई त्यापुढे चालत नाही. हत्यार बाळगण्याची मनाई पहिल्या पोटकलमात आहे आणि ती अधिकाऱ्याला आवश्यक वाटेल तितक्या काळासाठी काढता येते. दोन्ही मनाया एकाच आदेशात काढण्याची रीत पडल्यामुळे पंधरवड्याचा समज पसरला आहे. शिवाय या पहिल्या पोटकलमाची भाषा आपण समजता त्याहून फार रुंद आहे. तलवार, भाला, सुरा, काठी यांच्यापुढे 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी अन्य कोणतीही वस्तू' असे शब्द आहेत. त्यातून कोयता सुटत नाही. आदेश मोडल्यास कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे आणि न्यायाधीशाने कारणे लिहून ठेवल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही.

मग आरोपी का सुटतात? पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी मोजून लिहिलेली नसते. पंच फितूर होतात, किंवा ते पोलीस ठाण्याचे नेहमीचेच पंच निघतात. मनाई आदेश रीतसर जाहीर झाला होता, हे दाखवणारा कागद जोडलेला नसतो. शस्त्र अधिनियमाचे कलम 4 त्या क्षेत्रासाठी केंद्र सरकारची अधिसूचना असेल तरच लागू होते आणि ती अधिसूचना दाखल करण्याचे कोणाला सुचत नाही. ही चार भोके आहेत. आपण नवा कायदा आणलात तरी पंचनामा त्याच हातांनी लिहिला जाणार आहे.

नदीकाठचा पुणेकर

दुरुस्ती मान्य. पण आपणच सांगितलेल्या चार भोकांपैकी तीन, म्हणजे मोजमाप, आदेशाची प्रसिद्धी आणि केंद्राची अधिसूचना, माझ्या प्रस्तावात उरतच नाहीत. उरतो तो फक्त पंच.

कोयत्याचा जिल्हा

आपला प्रस्ताव वाचून भीती वाटली, आणि ती का वाटली ते सांगतो. मी बीडकडचा. आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, बहुधा रात्री, आणि वाटेत महानगरपालिकांच्या हद्दी लागतातच. त्या ट्रकमध्ये भांडी, गाठोडी, लेकरे आणि कोयते असतात. आता नाक्यावरच्या शिपायाने 'कारण सांगा' म्हटल्यावर त्याला पटेल असे कारण सांगण्याची ताकद कोणाकडे असते, ते आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. सोसायटीतला मुलगा गाडीच्या डिकीत सुरा ठेवून फिरत असेल, तर तो 'फार्महाउसवर जात होतो' असे सांगून सुटेल. पारधी वस्तीतला माणूस खरे कारण सांगूनही सुटणार नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण ज्या जमातींवर तो शिक्का मारला होता त्यांच्याकडे पाहण्याची ठाण्यातली नजर त्याबरोबर रद्द झाली नाही.

पुण्यात कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहावे, अशा सूचना दुकानदारांना दिल्याच्या बातम्या 2023 च्या सुरुवातीला आल्या होत्या. ज्याला गुन्हा करायचा आहे तो बोहरी आळीत जाऊन आपला आधार क्रमांक लिहून देईल, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल याचे मला आजही कुतूहल आहे.

लेस्टरवासी

मूळ धाग्यातला प्रस्ताव म्हणजे जवळपास इंग्लंडचा कायदा आहे आणि मी तो गेली अनेक वर्षे पाहतो आहे, म्हणून लिहितो. इथे 1988 च्या फौजदारी न्याय अधिनियमाच्या कलम 139 नुसार सार्वजनिक ठिकाणी पात्याची किंवा टोकदार वस्तू बाळगणे हा गुन्हा आहे. घडी घालता येणारा आणि तीन इंचांपर्यंत धारेचा खिशातला चाकू तेवढा वगळला आहे. योग्य कारण होते हे सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर असतो आणि कमाल शिक्षा चार वर्षांची आहे. कामासाठी, धार्मिक कारणासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून पाते बाळगणाऱ्याचा बचाव कायद्यातच लिहिलेला आहे. त्यामुळे स्वयंपाक्याच्या सुऱ्या आणि शिखांचे कृपाण यांची अडचण होत नाही. कृपाणाचा प्रश्न भारतात तर राज्यघटनेनेच अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात मिटवला आहे आणि नांदेडच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही या कायद्याने सुरेबाजी संपली असे इथला कोणीही म्हणणार नाही. रस्त्यात थांबवून झडती घेण्याच्या अधिकाराचा काच कृष्णवर्णीय तरुणांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक सोसावा लागतो, हे सरकारी आकडेवारीतच दरवर्षी दिसते. बीडकरांची भीती अनाठायी नाही. माझे मत मात्र प्रस्तावाच्या बाजूने आहे, कारण कारण विचारणारा कायदा निदान प्रश्न तरी योग्य विचारतो. इंच विचारणारा कायदा तोही विचारत नाही.

लाल मातीवाला

इथे सगळे हत्यार काढून घेण्याविषयी बोलत आहेत, म्हणून उलट बाजू मांडतो. आमच्या कोकणात कंबरेच्या आकडीत कोयती अडकवल्याशिवाय माणूस बागेत जात नाही आणि घरात आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असते. अशा बंदुकीसाठी खऱ्या शेतकऱ्याला परवाना द्यावा, असे शस्त्र अधिनियमाचे कलम 13 च सांगते. मग निवडणूक लागते. 2024 मध्ये 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, मतदान 20 नोव्हेंबरला झाले. नेमक्या त्या दिवसांत भात कापणीला आलेले असते आणि रात्री रानडुकरे शेतात उतरतात. बंदूक जमा करण्याची नोटीस येते तीही त्याच दिवसांत. सरसकट जमा करू नका, छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात 2009 मध्येच सांगितले आहे. आमच्या तालुक्यात त्या विचाराचे स्वरूप म्हणजे छापील नोटीस आणि तिच्यावर पेनाने लिहिलेले नाव.

नि:शस्त्र करण्याचा हा वारसा इंग्रजांचा आहे. लॉर्ड लिटनच्या काळात 1878 चा शस्त्र कायदा आला, तो भारतीयांसाठी; युरोपियनांना त्यातून सूट होती. त्याविरुद्ध काँग्रेसने 1931 च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला होता. स्वातंत्र्य मिळाल्यावर तो कुठे गेला? कोडगूतल्या कोडवांना आजही केंद्राच्या अधिसूचनेने परवान्यातून सूट आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती वैध ठरवली. तिथे काही आकाश कोसळले नाही.

जुना वकील

कुठे गेला ते सांगतो. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत आणण्यासाठी दुरुस्ती सुचवली होती आणि कराचीच्या ठरावाची आठवणही दिली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन आक्रमणाची हवी ती साधने निर्धोकपणे विकत घेऊ लागला तर राज्यकारभार कसा चालायचा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. दुरुस्ती नामंजूर झाली. घटनेत राहिले ते याच्या अगदी उलट. एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद 19 मध्येच 'शांततेने व विनाशस्त्र' अशी अट आहे. बंदुकीच्या नोटिशीविषयीची आपली तक्रार मात्र रास्त आहे आणि छाननीच झाली नसेल तर ती टिकणारीही नाही.

आणखी एक. परवाना म्हणजे चारित्र्याचा दाखला, असे मानण्याचे दिवस गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरात गोळीबार झाला तो पोलीस ठाण्याच्या आत, आणि गुन्हा नोंदला गेला तो विधानसभेच्या सदस्यावर.

लोकल डब्यातली

जानेवारी 2013 मध्ये दिल्लीच्या घटनेनंतर मुंबईत एका राजकीय पक्षाने महिलांना छोटे चाकू वाटले होते. तेव्हा मी महाविद्यालयात होते. रात्रीच्या गाडीत पर्समध्ये चाकू असण्याने धीर येतो हे मी नाकारत नाही, पण तो हिसकावून घेतला गेला तर काय, याचे उत्तर वाटणाऱ्यांनी दिले नव्हते. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला, तेव्हा तिला वाचवणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी मोकळ्या हातांनी मध्ये पडला होता. म्हणून 'सर्वांना शस्त्र द्या' हे मला पटत नाही.

पण प्रस्ताव मांडणाऱ्यांना आणि लेस्टरच्या सदस्यांना माझा नेमका प्रश्न आहे. 'स्वतःच्या बचावासाठी' हे कारण तुमच्या कायद्यात चालेल का? आणि माझ्या पर्समधल्या मिरचीच्या फवाऱ्याचे काय?

लेस्टरवासी

प्रामाणिक उत्तर अप्रिय आहे. सर्वसाधारण भीती हे इथे योग्य कारण मानले जात नाही. तसे मानले तर टोळीतला प्रत्येक मुलगा तेच सांगेल, आणि त्याला खरोखर भीती वाटतही असते. मिरचीचा फवारा तर इथे बंदुकांच्या कायद्याखाली निषिद्ध शस्त्र आहे. भारतात तो दुकानात सहज मिळतो हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

नदीकाठचा पुणेकर

चार गोष्टी बदलतो. फवारा प्रस्तावाबाहेर. शेतमजूर आणि कारागीर आपले अवजार घेऊन कामावर जात-येत असतील, तर ते कारण खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर. कारण सांगण्याचे ओझे फक्त शहरात, अंधार पडल्यावर, कामाच्या वाटेबाहेर सापडलेल्या माणसावर. आणि प्रत्येक झडतीची नोंद लेखी, तिची प्रत झडती दिलेल्याच्या हातात. वाढदिवसाच्या तलवारीला यातून पळवाट नाही.

कोयत्याचा जिल्हा

'अंधार पडल्यावर, कामाच्या वाटेबाहेर' हे शब्द पुन्हा वाचा. टोळीचा ट्रक रात्री दोन वाजता चहासाठी बाह्यवळणावरून शहरात शिरला, तर ती कामाची वाट की वाटेबाहेर? झडतीची प्रत द्याल, पण ट्रकमधल्या किती जणांना ती वाचता येईल? माझा विरोध थोडा सौम्य झाला आहे, मावळलेला नाही. आधी वकीलसाहेबांनी सांगितलेला पंचनाम्याचा टेप खरेदी करा. तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि त्याला आधार कार्ड लागत नाही.