पहिलं घर, पहिलं कर्ज: मराठवाड्यातले अनुभव

मराठवाड्यात घर घेतलेल्यांना, बांधलेल्यांना आणि सगळा विचार करून नाद सोडलेल्यांनाही हे आमंत्रण. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे हिशोब वाचायला भरपूर मिळतात. परभणीत रो-हाऊस घेताना किंवा माजलगावात प्लॉटवर बांधताना जे आडवं येतं, ते त्यात सापडत नाही. तिथं चर्चा चौरस फुटाच्या दराची. इथं त्याच्या आधीचा प्रश्न असतो: या जागेवर बँक कर्ज देते का? तेव्हा वास्तुशांतीचे फोटो नंतर टाका. आधी लिहा की पैसा कुठून उभा केला, कोणता कागद अडला आणि बँकेनं काय विचारलं. बँक, बिल्डर, पतसंस्था यांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मीच करतो. परभणी, २०१९, सौदा २८ लाखांचा. जाहिरातीत '९० टक्के कर्ज'. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. पण ती वरची मर्यादा आहे, तेवढं मिळेलच असं नाही. शिवाय किंमत धरतात ती बँकेच्या व्हॅल्युअरची. त्यानं काढली २५ लाख, आणि बँकेनं त्याचे ८० टक्के म्हणजे २० लाख दिले. घर १० लाखांपेक्षा महाग असलं की मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ती खिशातून. वकील, वीजमीटर, नळजोडणी वेगळी. म्हणजे माझ्याजवळचे म्हणून १० लाखांच्या वर लागले. निम्मी एफडी, बाकी सोनेतारण. २० लाखांवर २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी हप्ता बसतो १७,३५६ रुपये. तेच १५ वर्षांत फेडायचं तर १९,६९५. महिना २,३०० रुपये जास्त, पण शेवटी सव्वासहा लाख कमी जातात. मी १५ घेतली. आता पुढच्यांनी लिहा.

वाळूज, कारखान्यात मशीन ऑपरेटर

कंपनीत पर्मनंट झालो तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. एनए (बिगरशेती) प्लॉट परवडणारा नव्हता. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला, २० बाय ३० त्याच्या निम्म्या पैशात मिळत होता. विकणारा म्हणाला, "बाँड करून देतो." शंभराच्या बाँडवर लिहायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, झालं. शेतजमिनीचा एवढा लहान तुकडा तेव्हा कायद्यानं पाडता येत नव्हता, म्हणून खरेदीखत होत नव्हतं. खरेदीखत नाही म्हणून बँक दारात उभं करत नव्हती. हे सगळं माहीत असून घेतला, कारण गल्लीच्या गल्ली तशीच वसलेली होती आणि त्यात आमच्याच कंपनीची माणसं होती.

पैसा असा उभा केला: कामगारांच्या पतसंस्थेचं कर्ज, भिशी आणि बायकोची पोत गहाण. आधी पत्रे टाकले, मग बोअर, मग कॉलम, मग स्लॅब. दिवाळीचा बोनस आला की काम सुरू, संपला की बंद. मिस्त्री सुद्धा समजूतदार निघाला, मजुरी चौरस फुटानं ठरवून टप्प्याटप्प्यानं घ्यायचा. पतसंस्थेचं व्याज घरकर्जापेक्षा चार-पाच टक्के जास्त पडलं. पण हप्ता पगारातूनच कापून जायचा आणि त्यांनी सातबारा मागितला नाही.

२००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करता येऊ लागली. आर्किटेक्टकडून नकाशा करून फाइल टाकली, शुल्क भरलं, प्रमाणपत्र आलं. मग एका फायनान्स कंपनीनं वरच्या खोल्यांसाठी कर्ज दिलं, दर बँकेपेक्षा चढाच. पण लक्षात ठेवा, प्रमाणपत्रानं बांधकाम नियमित होतं, मालकी सिद्ध होत नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत एक प्लॉट दोघांना विकलेला आहे. दोघांकडंही बाँड आहे आणि दोघांकडंही नोटरी आहे.

जालना, वकिली करते

वाळूजच्या दादांनी लिहिलंय ते आमच्या कोर्टात रोज दिसतं. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात कलम १७ आहे: १०० रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकताना दस्त नोंदवलाच पाहिजे. बाँड १०० चा असो की आता मिळतो तो ५०० चा, त्यानं मालकी हलत नाही.

दुसरी गोष्ट महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची. लोक येतात आणि विचारतात, "मॅडम, रेरा नंबर नाही, घेऊ का?" जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांत तीन मजली, सहा फ्लॅटच्या इमारतीच जास्त. तिथं रेराचं छत्र तुमच्यावर नाही, म्हणून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीच्या मालकीचा तपास) स्वतःच्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या नको.

आणि जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. चालू बांधकामात ५ टक्के. पण आपल्यासारख्या बिगरमहानगरात कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. माझ्या स्वतःच्या फ्लॅटला बिल्डरनं ५ लावले होते. नियम दाखवल्यावर गुपचूप १ केला.

लातूर, प्राथमिक शिक्षिका

आम्ही दोघंही शिक्षक, दोघंही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतले, म्हणून जीपीएफमधून (भविष्य निर्वाह निधीतून) उचलायला काही नाही. सासऱ्यांनी त्यांचं घर जीपीएफवर बांधलं होतं, ते अजून विचारतात, "फंड काढत का नाही?" आमचं सगळं बँकेवर. २०२१ मध्ये २५ लाख, ६.९ टक्के, २० वर्षं, हप्ता १९,२३३. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर केली, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट सुरू झाली होती. कर्जात दोघं.

फ्लॅट बघताना किचन ट्रॉल्या कुणी बघितल्याच नाहीत. पाणी विचारलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. उन्हाळ्यात बोअर कधी आटतो, टँकरचा खर्च सोसायटी कसा वाटते, हे वॉचमनला विचारलं. बिल्डरला विचारून काय उपयोग? एक इमारत तेवढ्यावरच सोडली.

आता खरं सांगायचं ते व्याजाचं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहावर गेला. आमचं कर्ज रेपोला जोडलेलं, दर ९.४ झाला. हप्ता मात्र तोच कापला जात होता, म्हणून घरात कुणाला काही जाणवलं नाही. मी स्टेटमेंट काढलं तर शिल्लक २४ लाखांच्या आसपास आणि महिन्याचं व्याजच १८,८०० रुपये. म्हणजे १९,२३३ मधून मुद्दलात जात होते जेमतेम साडेचारशे. मुदत वाढून कुठं गेली असेल याचा हिशोब केला आणि रात्रभर झोप नाही. असंच चाललं असतं तर ४० वर्षं! आम्ही त्याआधीच रिटायर.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलला की ग्राहकाला पर्याय द्या: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं. मी शाखेत अर्ज दिला, मुदत आहे तीच ठेवा, हप्ता वाढवा. २३ हजारांच्या पुढे गेला. त्या वर्षी गाडी घ्यायची होती, नाही घेतली. पुढे २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, पण मी हप्ता कमी करून मागितला नाही. वर्षातून एकदा वेतनाचा फरक किंवा पेपर तपासणीचे पैसे आले की मुद्दलात टाकते. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड बँकेला लावता येत नाही, हे शाखेतल्या मुलाला मलाच सांगावं लागलं.

नांदेड, औषधाचं दुकान

मी घेतलं नाही, त्याचा अनुभव लिहितो. जुन्या नांदेडात मोक्याची जागा, दर चांगला, मालक ओळखीचे. वकिलाकडं कागद दिले तर तो म्हणाला, "भाऊ, ही इनाम जमीन दिसतीय." सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधनं असलेली. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मंदिर, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी किंवा घराण्याला दिलेल्या जमिनी त्यात खूप. त्यातल्या कोणत्या खुल्या झाल्या आणि कोणत्या नाही, हे तपासायचं तर मुंतखब (इनामाचा जुना दस्त) आणि खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) इथपर्यंत जावं लागतं. मुंतखब उर्दूत. आमच्या वकिलाला उर्दू येत नाही, मला बोलता येतं पण वाचता येत नाही. शेवटी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी वाचून दिलं. त्यात जमीन देवस्थानच्या सेवेसाठी दिल्याचं स्पष्ट होतं. अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

मालक म्हणायले, "अहो, तीन पिढ्या आम्हीच राहतो, कोण विचारतंय!" राहायला कुणी विचारणार नाही हे खरंच आहे, पण बँक विचारते, आणि उद्या माझ्याकडून घेणारा विचारील. सध्या तरोड्याकडं एनए लेआउट बघायलोय.

धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. आमचं माळवदाचं घर, जाड दगड-मातीच्या भिंती. जी माणसं गेली ती बहुतेक त्या भिंतींखालीच. त्यामुळं आमच्याकडं घर म्हटलं की आई पहिल्यांदा भिंत कशाची ते विचारते, हप्ता नंतर. तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला.

बांधकामाचं कर्ज एकरकमी मिळत नाही. जोतं झालं की काही, स्लॅब झाला की काही, असं इंजिनिअरनं येऊन बघितल्यावर. तोवर काम तुम्ही स्वतःच्या पैशानं पुढं न्यायचं. पावसाळ्यात वाळू मिळेना, काम जोत्यावर थांबलं, पण जेवढं उचललं त्याचं व्याज चालूच. क्रश सँड वापरली. इंजिनिअरनं रिंगा जवळ जवळ बांधायला सांगितल्या, मिस्त्री म्हणाला एवढं लोखंड कशाला. आई तिथंच उभी होती, मिस्त्रीचं काही चाललं नाही.

बीड जिल्हा, एसटीत चालक

आई-वडील ऊसतोड करायचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घ्यायची आन कारखान्यावर जायचं, घर बंद. मग घर कशाला, असं वडील म्हणायचे. पंतप्रधान आवासमध्ये यादीत नाव आलं, १ लाख २० हजार, हप्त्याहप्त्यानं खात्यात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. त्यात २५ चौरस मीटरची खोली झाली, दारं-खिडक्या आपल्या. वडलांनी त्या वर्षी दारं-खिडक्यांसाठी जास्तीची उचल घेतली, म्हंजे पुढल्या हंगामात ती फेडून काढायची.

मला तालुक्याच्या गावी घ्यायचं होतं. वडलांनी आन मी साठवलेलं एका मल्टिस्टेट सोसायटीत ठेवलं होतं, व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त. एक दिवस शटर बंद. पैसे अजून अडकलेत. त्यातून बँकेत गेलो तर सिबिल, म्हंजे कर्जफेडीचं रेकॉर्ड, खराब निघालं. माझ्या नावावर थोडं शेत, त्याचं पीककर्ज कर्जमाफीत बसलेलं. आम्ही समजलो मिटलं, पण रेकॉर्डला 'तडजोड' असा शेरा. बँकेचं निल (काही बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र आणून दुरुस्तीचा अर्ज केला तेव्हा कुठं ते हललं. शेत नावावर असणाऱ्यांनी घर बघायच्या आधी स्वतःचा सिबिल रिपोर्ट काढा, वर्षातून एक फुकट मिळतो.

हिंगोली, बदलीची नोकरी

सगळ्यांचं वाचलं. मी भाड्यानंच राहतो. जे घर मी ६ हजारांत वापरतो, ते घ्यायचं तर हप्ता १७ हजारांच्या पुढे. उरलेले पैसे बाजूला टाकतो. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही मिळत नाही, मग कर वाचतो म्हणून घर घ्या हे कोण अजून सांगतंय?

बीड जिल्हा, एसटीत चालक

हिंगोलीच्या साहेबांचा हिशोब बरोबर आहे. पण आमच्याकडं स्थळ बघायला पाहुणे आले की आधी विचारतात, तालुक्याला घर आहे का. भावाची सोयरीक त्याच्यावरच मोडली. भाड्याची पावती दाखवून जमत नाही.

धागा सुरू करणारा, परभणी

हे कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये येत नाही, पण आपल्याकडं निम्मी घरं त्यामुळंच घेतली जातात. परळी, गंगाखेड, उदगीरकडून अजून कुणी लिहिलेलं नाही. २०२४ च्या नव्या शहरी आवास योजनेत ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे, पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त १.८० लाख. आपल्या भागात कुणाच्या कर्जखात्यात त्याचा पहिला हप्ता जमा झाला असेल तर कोणते कागद लागले ते लिहा.