मदत हवी आहे: मेटफॉर्मिन, इन्सुलिन आणि एफडीजी पेट स्कॅनची वेळ

मधुमेही रुग्णांच्या पेट स्कॅनचं वेळापत्रक तुम्ही कसं बसवता?

मेटफॉर्मिन चालू असेल तर आतड्यात एफडीजी (स्कॅनसाठी टोचलं जाणारं किरणोत्सारी ग्लुकोजसारखं द्रव्य) इतकं साचतं की मोठ्या आतड्यातली छोटी गाठ त्या चमकेत पार बुडते. म्हणून ४८ तास आधी गोळी बंद करायची. पण मग सकाळी ६ तास उपाशी राहूनही साखर २००च्या वर निघते. रक्तातलं ग्लुकोज आणि एफडीजी पेशीत एकाच वाटेने शिरतात, त्यामुळे ट्यूमरमधलं एफडीजीचं प्रमाण घटतं. झटपट इन्सुलिन दिलं तर निदान ४ तास थांबावं लागतं, नाहीतर सगळं एफडीजी स्नायू ओढून घेतात. एफडीजीमधल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे त्या ४ तासांत मागवलेल्या मात्रेचा पाव हिस्साही उरत नाही.

लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कर्करोगात) तर जास्तच काळजी वाटते. उपचाराला प्रतिसाद किती, हे ठरवणारे डोविल गुण (१ ते ५) गाठीतल्या एफडीजीची यकृताशीही तुलना करून देतात. इन्सुलिनने यकृतातलं प्रमाण खाली गेलं, तर गुण चुकू शकतो आणि केमोचा पुढचा निर्णयही.

तेव्हा विचारायचं आहे:

छातीतल्या गाठीसाठी स्कॅन असेल, पोटाचा प्रश्नच नसेल, तर मेटफॉर्मिन चालू ठेवता का? त्या ४८ तासांत साखर सांभाळायला काय देता? आणि साखर जास्त निघाल्यावर इन्सुलिन देऊन थांबता, की सरळ दुसरा दिवस देता?

उपचारादरम्यानच्या स्कॅनचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा. इंजेक्शन ते स्कॅन किती मिनिटं ठेवता, तेही सांगा. आधीचा स्कॅन ६० मिनिटांनी आणि नंतरचा ९० मिनिटांनी झाला, तर एसयूव्हीची (गाठीत एफडीजी किती साचलं, त्या मापाची) तुलना करणं मला धोक्याचं वाटतं.