जुन्या दीपगृहातली पोकळ नळी कशासाठी?

प्रश्न: पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या एका जुन्या दीपगृहात जिन्याच्या मधोमध वरपासून तळापर्यंत लोखंडी नळी आहे. वरची अवाढव्य लेन्स बोटाने ढकलली तरी फिरते, असं तिथला फलक सांगतो. हे कसं शक्य आहे? आणि दिवसा काचांना पडदे का लावतात?

उत्तर १: नळी वजनाची. मोटर येण्याआधी लेन्स घड्याळाच्या यंत्रासारख्या दंतचक्रांवर फिरायची. तारेला टांगलेलं वजन नळीतून सावकाश उतरायचं, त्याच्या ओढीने चक्रं चालायची. वजन तळाला टेकण्याआधी हँडल मारून वर घ्यावं लागे, तेही रात्रीतून अनेकदा. मनोरा बुटका, तर खेपा जास्त.

उत्तर २: बोटाने फिरते ती पाऱ्यामुळे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची, काचेचे तुकडे जोडून केलेली लेन्स १८२३ मध्ये फ्रान्सच्या कॉर्दुआं दीपगृहावर आली. पुढे लेन्सच्या आकारांच्या श्रेणी पडल्या, त्यात मोठी, पहिल्या श्रेणीची लेन्स ९२० मिलिमीटर नाभीय अंतराची (म्हणजे दिव्यापासून लेन्स तेवढी दूर) ठरली. चौकटीसकट वजन काही टन. ती रोलरवर फिरे, म्हणून गती संथ. आठ बाजूंना आठ भिंगं आणि प्रत्येकाचा एक झोत, अशी लेन्स आठ मिनिटांत एक फेरा घेत असेल तर झोत मिनिटाला एकच दिसणार. तेवढ्यात खलाशाने झोतांमधल्या वेळेवरून कोणतं दीपगृह ते ओळखायचं कसं? १८९० च्या दशकात लेन्स पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवू लागले. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, शिवाय तरंगता भाग आणि कुंड यांत फट अगदी अरुंद, त्यामुळे एवढ्या वजनाला थोडा पारा पुरतो. चार भिंगं, वीस सेकंदांत फेरा : दर पाच सेकंदांनी झोत.

पारा मळला की साय धरतो आणि लेन्स जड चालते. मग तो मऊ चामड्यातून गाळायचा. वाफ मात्र साध्या तापमानालाही निघते आणि ती विषारी, त्यामुळे कुंडावर वाकून बघू नका. बऱ्याच ठिकाणी आता पारा काढून बेअरिंग बसवलीत.

उत्तर ३: वरच्या दोघांचं बरोबर, पण नळी पाहून लगेच निष्कर्ष नको. आधी लेन्स बघा. मध्ये फुगीर गोल भिंगं असतील तरच ती फिरणारी. सपाट पट्ट्यांचं अखंड पिंप असेल तर दिवा स्थिर, त्याला वजन लागतच नाही.

पडद्यांचं कारण : लेन्स उलटीही चालते. ऊन आत एकवटलं की दिवा जळतो, आगही लागू शकते. शिवाय लोलक, म्हणजे लेन्सचे काचेचे तुकडे, धरून ठेवणारी लांबी (पुट्टी) उन्हाने वाळून तडकते आणि लोलक खिळखिळे होतात.