व्हेनिसची स्तंभशीर्षे: मूळ आत, नकला बाहेर. पटतं का?

शिल्पवेडा: व्हेनिसच्या डोजे (तिथल्या जुन्या प्रजासत्ताकाचा प्रमुख) राजवाड्याची स्तंभशीर्षे, म्हणजे खांबांच्या माथ्यावरचे कोरीव दगड, बघायला जगभरातून लोक येतात. त्यातली बरीच नकला आहेत. १८७६ साली सुरू झालेल्या दुरुस्तीत तळमजल्याच्या कमानी आणि वरचा सज्जा मिळून ४२ शीर्षे उतरवली आणि जागी नवी कोरून बसवली. मूळ दगड आतल्या संग्रहालयात आहेत. मला हे पटत नाही. भार पेलणं हेच स्तंभशीर्षाचं काम. ते काढून घेतलं की उरतो नुसता कोरीव दगड.

ओवरी: साफ असहमत. या दोन मजली कमानींवर वरच्या सभागृहाची अख्खी भिंत उभी आहे. झिजलेली शीर्षे तिच्याखाली ठेवायची? शेजारचा सान मार्कोचा मनोरा १४ जुलै १९०२ ला कोसळलाच ना!

शिल्पवेडा: भाराचं मान्य. पण लग्नाची गोष्ट सांगणारं शीर्ष आठवा. आठ बाजू: भेट, लग्न, शेज, बाळाचा जन्म आणि शेवटी त्याच बाळाचा मृत्यू. खांबाला फेरी मारल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. ती उघड्यावर, पाण्याकाठच्या उजेडातच वाचायची.

ओवरी: फेरी तर नकलेभोवतीही मारता येते. आणि खारं वारं मूळ दगडाला खात नाही.

काळाघोडा: इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी व्हेनिसच्या या कोरीवकामावर जीव लावला आणि जीर्णोद्धाराला चक्क खोटेपणा म्हटलं. मी त्यांच्या बाजूचा. नक्कल करणाऱ्याच्या हाताला मोकळीक नसते. याच व्हेनेशियन गॉथिकची (टोकदार कमानी आणि कोरीवकामाच्या वास्तुशैलीची) लाट मुंबईत आली तेव्हा सीएसएमटीवर जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पानंफुलं, पशुपक्षी कोरले. ते व्हेनिसवरून उतरवलेले नाहीत, म्हणून जिवंत वाटतात.

ओवरी: मग व्हेनिसमध्येही नवं काहीतरी कोरायचं होतं म्हणता? सद्गुण-दुर्गुण, ग्रह, कारागीर असा त्या ओळीतला विषयक्रमच मोडला असता. मनोरासुद्धा ‘जसा होता, जिथे होता’ म्हणत १९१२ मध्ये पुन्हा उभा केला, आणि चौकाची ओळख टिकली.

शिल्पवेडा: मनोरा पडलाच होता, तिथे दुसरा इलाज नव्हता. इथे निदान प्रत्येक बदललेल्या खांबापाशी साल तरी कोरा. बघणाऱ्याला कळू द्या की हा चौदाव्या-पंधराव्या शतकातला हात नाही.

ओवरी: साल लिहायला माझी हरकत नाही. मूळ शीर्षे परत बाहेर न्यायला मात्र ठाम विरोध.